डबा खायला उत्तम जागा

डेलिया कॉनबॉयच्या पत्राला फिंटन गेरटीनं चौदा महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र छोटंच होतं, आणि ते त्याला पाठ होतं.

‘फिंटन, पायवाटेच्या पुस्तिकेवर नाव नाही, पण इतक्या गवतांची नावं माहीत असलेला माणूस आपल्याकडे एकच आहे. तू लिहिलंस की तळ्याकाठी काटेरी झाडांखाली सपाट दगड आहेत, डबा खायला उत्तम जागा. ते दगड बसण्यासाठी नाहीत. तिथे माझा भाऊ आहे. एकच दिवस जगला. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेला, म्हणून चर्चच्या आवारात पुरायला जागा मिळाली नाही. अशी पुष्कळ लेकरं आहेत तिथे. लिहिण्याआधी तू कुणाला विचारलं होतंस?’

त्यानं कुणालाच विचारलं नव्हतं. जुने नकाशे पाहिले होते, जिल्ह्याच्या ग्रंथालयात दोन हिवाळे काढले होते. नकाशात तिथे काही नव्हतं. वाटेवरच्या नऊ घरांपैकी एकाही घराचं दार वाजवायचं त्याला धाडस झालं नव्हतं.

उत्तराला तो कितीदा तरी बसला. प्रत्येक खर्डा एखाद्या ग्रंथाच्या प्रस्तावनेसारखा व्हायचा. तो फाडायचा.

मे महिन्यातल्या एका शनिवारी तो शेवटी त्या वाटेनं निघाला. जंगल संपलं, टेकडीची उतरण लागली आणि खाली तळं दिसलं. काटेरी झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती. त्यांच्याखाली दगडांवर पाच जण बसले होते. स्लायगो शहरातून आलेले, चिखलानं माखलेले बूट, मधोमध चहाचा थर्मास.

“या आजोबा, या!” लाल जाकीटवाला सरकून म्हणाला. “हा घ्या रिकामा दगड. पुस्तिकेत लिहिलंय ना, तस्संच आहे अगदी. सोफाच!”

“नको, मी उभाच बरा.”

“इथलेच का तुम्ही? मग सांगा ना, ही लिहिली कुणी?” एका बाईनं पुस्तिका हलवून विचारलं. “छान लिहिलीय हो. आणि वेड्यानं नाव नाही घातलं.”

हीच ती वेळ, हे फिंटनला कळत होतं. दोन वाक्यांचं काम होतं.

“मला काही कल्पना नाही,” तो म्हणाला.

मान वळवली तेव्हा कुंपण ओलांडायच्या पायरीपाशी डेलिया उभी होती. हातात काठी, पायाशी कुत्रा. ती किती वेळ तिथे होती ते त्याला विचारावं लागलं नाही.

ती काठी टेकत पुढे आली. “उठा रे बाळांनो. गार असतात हे दगड, कंबर धरेल. तिकडे होड्यांच्या धक्क्यावर ऊन आहे बघा.”

“पण पुस्तिकेत तर म्हटलंय...”

“पुस्तिकावाला घरात शेगडीपाशी बसून लिहितो. त्याला काय माहीत गारठा?”

सगळे हसले. उठले, सामान आवरलं, तिला हात करून धक्क्याकडे गेले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. तिनंही नाही.

डेलियानं काठी झाडाला टेकवली आणि वाकली. ऐंशीच्या पुढचं वाकणं ते, तीन टप्प्यांत झालं. तळहातानं ती एकेका दगडावरचे पावाचे कण ओंजळीत गोळा करू लागली. आपण वाकावं का, आपल्याला तो हक्क आहे का, हे फिंटनला ठरवता येईना. ठरेपर्यंत ती सरळ झाली होती.

“किती दगड आहेत म्हणून लिहिलंयस?” तिनं विचारलं.

“अकरा.”

“तेवीस आहेत. बाकीचे गवतात गेलेत.”

कण खिशात टाकून ती निघाली. पत्राचा विषय तिनं काढला नाही. काढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी तो गावात गेला. दुकानाबाहेरच्या हिरव्या टपालपेटीपाशी क्षणभर थांबला आणि मग आत शिरला. गावाचं पोस्ट म्हणजे इमेल्डाच्या दुकानातला कोपरा. रांगेत फिंटनच्या मागे दोघं उभे होते. त्यानं खिडकीतून एक कार्ड आत सरकवलं. साधं, उघडं कार्ड.

“अर्ध्या मैलावर तर घर आहे डेलियाचं,” इमेल्डा म्हणाली. “आणि हे असं उघडं? पाकीट देते, थांब.”

“पाकीट नको.”

“अरे, माझ्या नजरेला पडल्याशिवाय कार्ड पुढे जात नाही, माहितीय ना तुला? आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.”

“माहितीय.”

इमेल्डानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग चष्मा चढवला आणि कार्ड उलटवलं.

‘डेलिया, पुस्तिका मी लिहिली. कुणाला न विचारता लिहिली. शनिवारी लोकांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो, ते तुम्ही ऐकलंत. ते पान मी बदलतो आहे. काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे विचारायला गुरुवारी तुमच्या दारी येतो. दार उघडलं नाहीत तरी चालेल. फिंटन गेरटी.’

एरवी या खिडकीशी तो अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबत नसे. आज दोन्ही हात फळीवर ठेवून तो उभा राहिला. इमेल्डा वाचताना ओठ हलवत असे, आणि थोडा आवाजही येत असे. मागच्या दोघांचं बोलणं थांबलं होतं. त्याचे कान लाल झाले, पण तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला, ते थांबेपर्यंत. मग तिनं चष्मा काढला, कार्ड पालथं केलं आणि शिक्का उमटवला.