पायातली पट्टी

सांगितलं तर कोणाचा विश्वास बसायचा नाही. सत्तावन्न साली माझी मांडी मोडली आणि मुंबईच्या डॉक्टराने आत पोलादाची पट्टी बसवली. मालवणात परतल्यावर पाय लाल होऊन चरचरू लागला. नागीण समजून आम्ही महिनाभर गेरूची काव फासली, तर पाय चिघळला. शेवटी बोट पकडून मुंबई गाठली. डॉक्टर म्हणाला, "तुमच्या अंगाला हे पोलाद सोसत नाही," आणि पट्टी उपटून हातात दिली. आठव्या दिवशी मी माडावर!

"काय सांगतास, दाजीनू!" शेजारचा गणपत हसला.

माझी लेक वत्सला सुपातले तांदूळ निवडत होती.



"बाबा, पट्टी तुमच्या नाय, आयेच्या पायात होती. बोट येयपर्यंत आये जगाकच नाय."