जयसिंगरावांच्या छतातली घरघर

“हा घ्या प्लग. आता तरी पटलं?” निशाने सबवूफरची वायर भिंतीतून उपटली आणि जयसिंगरावांच्या नाकासमोर धरली.

सोसायटीचे चेअरमन जयसिंगराव उंबऱ्याबाहेरच उभे होते. “खाली आमच्याकडे आवाज अजून येतोय,” ते म्हणाले. “आमच्या हिचा आत्ताच फोन आला. पिठाची गिरणी काढली असेल तर तसं सांगा. आम्ही दळण पाठवत जाऊ.”

निशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोटीस येऊन आठवडा झाला होता. ‘आपल्या सदनिकेतून सतत घरघर येते, रहिवाशांना त्रास होतो, सबब महिनाअखेर सदनिका रिकामी करावी.’ घरमालकाने केव्हाच हात झटकले होते. चेअरमनशी वाकडं कोण घेणार? धाकट्या राधाचे सीएचे पेपर तोंडावर आलेले. वाशिमहून पुण्यात आल्यापासून दोघी बहिणींचं हे तिसरं घर. आता पुन्हा दलाल, पुन्हा ‘मिस्टर काय करतात’ हा प्रश्न, पुन्हा टेम्पोत गाद्या. त्या गडबडीत राधाचं वर्ष जाणार, हे निशाला स्पष्ट दिसत होतं.

बरं, चूक होती तोवर तिने ती मान्य केली होती. तिचा सबवूफर, म्हणजे गाण्यातला जड आवाज काढणारा तो काळा खोका, खरंच घुमायचा. शनिवारी ती मांडी ठोकून त्याच्यासमोर बसली. टीव्हीचा आवाज पार बंद केला, घरघर तेवढीच. प्लग दुसऱ्या भिंतीत लावला, तरी तेवढीच. मग टीव्हीकडून येणारी वायर खोक्याच्या मागून काढली, आणि खोका एकदम गप्प झाला. म्हणजे खोका चांगला, दुखणं वायरीत. वायर टोकाशी तुटत आली होती. निशाने नवी आणून जोडली. राधाने खोक्याला कान लावला आणि हसून म्हणाली, “ताई, हा तं काहीच बोलून नाही राहिला.”

आणि तरी हे गृहस्थ दारात हजर!

“चला,” निशा म्हणाली. “तुमच्याच घरी येऊन ऐकते. आवाज आमचा नसला तर नोटीस मागे घ्याल?”

“आधी आवाज तर सापडू दे,” जयसिंगराव म्हणाले आणि जिना उतरू लागले.

खाली जयसिंगरावांच्या बायकोने, पूर्णिमाकाकूंनी, दार उघडलं. घरघर खरंच होती. पंखा बंद केल्यावर तर छातीत जाणवावी इतकी. जयसिंगरावांनी लगेच छताकडे बोट केलं, जणू तिथे निशाचं नावच लिहिलं होतं. निशाने वर पाहिलंसुद्धा नाही. जड आवाजाचं एक असतं, तो कुठून येतो ते कानाला नीट कळत नाही. वरून म्हटलं की वरून वाटतो. माणसाने ज्याच्यावर संशय घ्यायचा ठरवलं असेल, त्याच्याच घरातून तो ऐकू येतो.

म्हणून तिने हाताने ऐकायला सुरुवात केली. भिंतीवर तळवा ठेवला, मग शोकेसवर, मग सोफ्याच्या पाठीवर. कोपऱ्यात एक बुटकं स्टूल होतं. त्याच्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल, रुमालावर फुलदाणी. फुलदाणीतली प्लॅस्टिकची फुलं बारीक थरथरत होती.

“काकू, हे स्टूल कसलं?”

“स्टूल कुठलं गं! आमच्या मुलाने, अभिनवने, लग्नात घेतलं होतं, गाण्यांसाठी. टीव्ही आत बेडरूममध्ये नेला आणि हे जड धूड इथेच राहिलं. फुलदाणीला बरं पडतं.”

निशाने रुमाल उचलला. खाली तिच्या खोक्यापेक्षा दुप्पट मोठा सबवूफर होता, आणि त्याच्यावर दिवा लागलेला होता. कोणी तो कधी बंदच केला नव्हता. टीव्ही गेला तरी त्याची वायर मागे तशीच लोंबत होती. अशी मोकळी वायर घरातल्या विजेची गुणगुण ओढून घेते, आणि खोका ती इमानेइतबारे मोठी करून ऐकवत बसतो. निशाने ती वायर ओढून काढली.

घरघर थांबली. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी स्वच्छ ऐकू आली.

काकू मटकन सोफ्यावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. “अगं बाई! किती शांत वाटतंय! डोकं उठलं होतं गं माझं. अभिनवचा मुलगा आता शाळेत जायला लागला, तो पाळण्यात होता तेव्हापासूनचा हा छळ. तुझे उपकार झाले, पोरी. थांब, चहा टाकते.”

आपण जिंकलो, असं निशाला क्षणभर वाटलं. वर जाऊन राधाला सांगायचं, पुस्तकं खोक्यात भरू नकोस. मग काकूंचं बोलणं तिच्या डोक्यात शिरलं.

“काकू,” ती म्हणाली, “आम्ही तर गेल्या दिवाळीनंतर आलो इथे.”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. जयसिंगराव खोक्यावर रुमाल पुन्हा नीट घालत होते, चारही टोकं सारखी करून.

“म्हणजे हा आवाज आमच्या आधीपासूनचा आहे, हे तुम्हाला माहीत होतं?” निशाचा आवाज चढला.

“अहो, माझ्याच घरातला आवाज, मला माहीत नसेल?” जयसिंगराव शांतपणे म्हणाले. “पण दोन मुली एकट्या राहतात, असं काही नोटिशीत लिहिता येत नाही.”