मान पुढं
२००३ साली शिरूरच्या पक्षाघात केंद्राला जिल्ह्याचा पुरस्कार द्यायचा की नाही, हे ठरवायला पुण्याहून एक साहेब आले. "या कामात पुढाकार कुणाचा?" त्यांनी विचारलं. फिजिओथेरपिस्ट तहमीनानं भागुबाईंकडे बोट दाखवलं. बाजारात भाजी विकणाऱ्या भागुबाई गेली नऊ वर्षं दर मंगळवारी इथं येत आणि अंगावरून वारं गेलेल्या माणसाला कसं भरवायचं, ते घरच्यांना शिकवत. "शिक्षण किती?" "दुसरी," भागुबाईच म्हणाल्या. साहेबांनी त्यांचं नाव लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाले, "माझ्या आईलाही लकवा झालाय. भरवलं की ठसका लागतो. आता तर ती तोंडच उघडत नाही." भागुबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, मानेखाली हात घालून डोकं मागं कलवलं आणि चमचाभर पाणी पाजलं. साहेबांना जोराचा ठसका लागला. "आता हनुवटी छातीकडं घ्या." दुसरा चमचा अलगद उतरला. "मी रोज आईची मान मागंच धरतो," साहेब म्हणाले. "मी बी आमच्या मालकांची तशीच धरायची, साहेब," भागुबाई चमचा पुसत म्हणाल्या. "ते गेल्यावर तहमीनाताईंकडून कळलं मला. तुमच्या आई हायत अजून. आज सांजच्याला त्यांना नीट बसवा, मान पुढं घ्या, आन् मंग भरवा."