हाताचा दोरा

पास्कल मेकॅनिकने भिवाच्या होडीचा कंट्रोल बॉक्स सोडवून आणला आणि भिवाची बायको शालन हिच्या ओटीवर ठेवला. होडी भर समुद्रात रिकामी सापडली होती. भिवा सापडला नव्हता.

"वयनी, हेच्यात कायच बिघाड नाय," पास्कल खाली बघत म्हणाला. "पेट्रोल संपासर इंजिन चालतच ऱ्हवला."

दुकानदाराने दोन बॉक्स दाखवले, तेव्हा तांबड्या दोरीचा हा बॉक्स शालननेच हट्टाने घ्यायला लावला होता. दोरीचं एक टोक बॉक्समध्ये, दुसऱ्या टोकाचा पट्टा चालवणाऱ्याच्या मनगटात. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते, इंजिन बंद पडतं, होडी त्याच्याजवळ थांबते. रोज संध्याकाळी जप करत शालन बॉक्सवरचं खारं पाणी गोड्या पाण्याने पुसायची, वेग कमी-जास्त करायच्या दांड्याला ग्रीस लावायची.

दर सोमवारी पहाटे शंकराला वाहिलेला दोरा ती भिवाच्या मनगटाला बांधायची आणि म्हणायची, "ती तांबडी दोरी पण घाला."

तो हसायचा. "तुझो दोरो आसा मां हाताक. देवावर इस्वास नाय तुझो?"

ती दोऱ्याची गाठ आणखी घट्ट करायची.

आताही दोरी बॉक्समध्येच होती. पट्टा नवाकोरा.

"शालन, आज सोमवार," शेजारीण दारातून हळूच म्हणाली. "दिवो लावचो ऱ्हवलो तुझो."

शालन उठली नाही. तिने पट्टा स्वतःच्या मनगटात घातला आणि हात जरासा मागे घेतला. एवढ्याशा ओढीने दोरी खटकन सुटली.