मूळ गाव

"ते ठीक आहे, पण मूळ गाव कुठलं?" दत्तप्रसादांनी आपल्या पुणेरी इंग्रजीत कुंपणावरून विचारलं.

पलीकडचा म्हातारा गोंधळला. वेर्नर एस्पेनक्रुग हे आपलं नाव त्याने दोनदा सांगितलं होतं. जन्म हॅम्बुर्गचा, लहानपणी बोटीने मेलबर्नला आलो, जन्मभर गॅरेज चालवलं, हेही सांगून झालं होतं. या माणसाला आता आणखी काय हवं होतं?

दत्तप्रसाद आडिवरेकरांना गाव हवं होतं. आडनाव ऐकलं की गाव विचारायचं आणि गाव कळलं की ओळखीचं कोण निघतं ते बघायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यात ते आडिवरेकर कुलवृत्तांत मंडळाचे चिटणीस. घराण्याच्या साऱ्या पिढ्या त्यांना तोंडपाठ. तो जाडजूड कुलवृत्तांत ते पुण्याहून केबिन बॅगेत घेऊन आले होते, कपडे थोडे कमी करून. मेलबर्नजवळ पॉइंट कुकला मुलाकडे, वरुणकडे, जरा राहायला म्हणून आले आणि कोरोनाने विमानंच बंद केली. आता कानटोपी घालून, पालथ्या बादलीवर उभं राहून शेजाऱ्याशी गप्पा मारणं एवढीच चैन उरली होती.

"जर्मनीत आम्ही पंचवीस-तीस जण असू," वेर्नर म्हणाला. "ऑस्ट्रेलियात मी एकटाच. बायको गेली, मूलबाळ नाही. माझ्यानंतर इथे हे नाव संपलं."

दत्तप्रसाद कुंपणावर आणखी पुढे वाकले. "असं कसं संपेल? आपण तुमचं मूळ शोधून काढू," ते म्हणाले.

घरात मात्र आडनावाचा विषय अवघड होता. वरुणची बायको लीना हिची पहिल्या लग्नाची मुलगी चिन्मयी आता नऊ वर्षांची होती. तिच्या वडिलांनी कधीच हात झटकले होते. वरुणला तिला आपलं नाव द्यायचं होतं. "पण तुमचा होकार असल्याशिवाय मी ते करणार नाही, बाबा," त्याने सांगून टाकलं होतं.

"तिचे लाड कर, तिला शिकव, माझं सगळं तिला दे," दत्तप्रसाद म्हणाले होते. "आडनाव रक्ताचं असतं. ते काही वाटायची वस्तू नाही."

एकदा चिन्मयीनेच कुलवृत्तांत उघडून विचारलं होतं, "आजोबा, अ‍ॅम आय इन धिस?"

"तुझं वेगळं असतं, बाळा."

तिने शहाण्यासारखी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. ती मान हलवणं दत्तप्रसादांना अधूनमधून आठवायचं, आणि आठवलं की ते दुसरं काहीतरी काम काढायचे.

एस्पेनक्रुगांचा शोध हे असंच एक काम होतं. पण आजोबा एका बोटाने टाइप करणार, तेव्हा खरी मेहनत चिन्मयीचीच. शाळा ऑनलाइन, मैत्रिणी आपापल्या घरात. "नो वरीज, आजोबा," म्हणत तिने जर्मनीतल्या सापडेल त्या एस्पेनक्रुगला मेसेज पाठवले. बऱ्याच जणांनी दाद दिली नाही. शेवटी उल्रिके नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेचं उत्तर आलं. घराण्याची गोष्ट तिला ठाऊक होती. व्हिडिओ कॉल ठरला.

संध्याकाळी चिन्मयी बादलीवर चढली आणि तिने टॅबलेट कुंपणावर धरला. दत्तप्रसाद शेजारी स्टुलावर. तिकडे सकाळ होती, उल्रिकेच्या हातात कॉफी होती. ती जर्मनमध्ये बोलत राहिली. वेर्नर ऐकता ऐकता आधी हसला, मग टॅबलेटच्या आणखी जवळ सरकला.

"काय म्हणते? गाव कुठलं?" दत्तप्रसादांना दम निघेना.

"गाव नाहीच," वेर्नर म्हणाला. "एस्पेनक्रुग ही रस्त्यावरची खानावळ होती. पटकीच्या साथीत कुणीतरी एक तान्हं पोर तिच्या पायरीवर ठेवून गेलं. मालकिणीला मूल नव्हतं. तिने ते वाढवलं."

"म्हणजे मालकाचं आडनाव लागलं असेल."

"मालकाने दिलं नाही. म्हणाला, हे आमचं रक्त नाही. मग पाद्र्याने खानावळीचंच नाव लावून टाकलं. आम्ही सगळे त्या पोराचे."

दत्तप्रसादांमधला चिटणीस जागा झाला. "आणि त्या मालकाचं आडनाव काय होतं?"

वेर्नरने विचारलं. पडद्यावर उल्रिकेने खांदे उडवले.

"तिने खूप शोधलं म्हणे. आता कुणालाच माहीत नाही."

दत्तप्रसादांना त्या खानावळवाल्याची कीव आली. मग, कीव ओसरायच्या आतच, स्वतःची लाज वाटली. शेजारी चिन्मयीचे हात भरून आले होते, तरी टॅबलेट तिने सरळ धरला होता. मागे वरुण दोरीवर कपडे वाळत घालत होता.

उल्रिके पुन्हा काहीतरी म्हणाली.

"ती या मुलीबद्दल विचारते आहे," वेर्नर म्हणाला. "इतके छान मेसेज पाठवले, पण खाली नुसतं चिन्मयी लिहिते. आडनाव काय हिचं?"

चिन्मयीने खाली बघितलं.

"आडिवरेकर," दत्तप्रसाद म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "चिन्मयी वरुण आडिवरेकर."

मागे वरुणच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. वेर्नर मात्र एव्हाना दत्तप्रसादांच्या तालमीत तयार झाला होता. चिन्मयीकडे बघत तो मिश्किलपणे म्हणाला, "ते ठीक आहे, पण मूळ गाव कुठलं?"

चिन्मयीने मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

"सांग त्यांना," दत्तप्रसाद म्हणाले. "आपलं गाव आडिवरे."