तीन ग्रॅम
गेइटाजवळच्या खाणींतून कागदावर न येणारं सोनं किती निघतं हे मोजायला सरकारी बाई वस्तीत आली होती. न्यामीझीनं महिनाभर दगड कुटून, धुऊन काढलेलं सोनं तिच्या काट्यावर ठेवलं. तीन ग्रॅम. न्यामीझी हसली. “काटा बिघडलाय तुमचा. एवढ्याचे दोनच भरतात.” तिचं सोनं तिचा दादाच विकत घ्यायचा; त्याच्या काट्यावर दोनच भरायचे. बाईनं काटा तपासून पुन्हा तोललं. तीनच. गेल्या वर्षी चार ग्रॅम सोनं कमी पडलं म्हणून न्यामीझीच्या लेकीचं, लिमीचं ऑपरेशन राहिलं होतं. पोरीला पुरताना दादाच सगळ्यांत जास्त रडला होता. “विकता कुणाला?” बाईनं लिहिताना विचारलं. “असंच, कुणालाही,” न्यामीझी म्हणाली. संध्याकाळी ती दादाकडेच गेली. दुसरा घेणारा नव्हता. “दोन,” तो म्हणाला. “दादा, लिमीच्या वेळीही हाच काटा होता?” त्यानं दोनाचेच पैसे सरकवले. तिनं ते घेतले.