सामायिक

‘सामाईक’ या एका शब्दानं आत्मारामअण्णांचं उभं आयुष्य नासवलं होतं. अंगण सामाईक, विहीर सामाईक, हापूसची सात कलमंही सामाईक. पलीकडच्या घरातल्या सख्ख्या भावाशी, दत्तारामशी, बारा वर्षं बोलणं नाही. आता तर त्यानं मागीलदारचा दगडी गडगा हातभर अलीकडे सरकवला होता. अण्णांनी सून श्रद्धाकडून लॅपटॉपवर तक्रार टाईप करून घेतली. रत्नागिरीच्या वकिलाला ती आजच पोचायला हवी होती.

फाईल तयार झाली. खाली बटण आलं, ‘सामायिक करा’.

अण्णा ताडकन उठले. “नको गो बाय! एकदा सामाईक झालं की सात पिढ्या सुटत नाही!”

“अहो अण्णा, इथं सामायिक म्हणजे नुसतं पाठवायचं,” म्हणत श्रद्धानं बटण दाबलं. फाईल निघाली, अर्ध्यात गेली आणि तिथंच गरगरत राहिली.

अण्णा काही विचारणार, तोवर श्रद्धा मागीलदारी पोचली होती. गडग्यावरून तिनं हाक मारली,



“काकी, वायफाय बंद केलंत काय ओ? जरा चालू करा, अण्णांची तुमच्यावरची केस अर्ध्यात अडकलीय!”